बावीस चाकं आणि एक चिठ्ठी

आमच्या गावात माइक माझ्याकडे असतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही; दुसरं कोणी घ्यायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तहसील कचेरीत कारकुनी करत होतो तेव्हापासून शाळेचं गॅदरिंग असो की कबड्डीचे सामने, बोलायला मीच. एका शोकसभेत मयताच्या मुलाला ‘टाळ्यांच्या गजरात’ व्यासपीठावर बोलावणारा माणूस तो मीच. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्याही. तो मुलगा अजून मी समोरून आलो की रस्ता बदलतो.

या कामाचे दोन नियम मी माझ्यापुरते करून ठेवले होते. एक, माइक रिकामा ठेवायचा नाही. आवाज थांबला की माणसं चपला शोधायला लागतात. दोन, चिठ्ठी आली की वाचायची. आधी वाचायची, विचार नंतर. कुणाचं पोर हरवलेलं असतं, कुणाला घरून बोलावणं असतं, उशीर करून चालत नाही. या दोन नियमांवर मी उभा जन्म काढला, आणि गेल्या थंडीत एका दुपारी दोन्ही नियमांनी मिळून मला तोंडघशी पाडलं.

सुरुवात शेजारच्या मुलीपासून झाली. आमच्या सुपारीच्या वाडीला लागून तिचं घर. आजा पेणकडच्या मिठागरात राबलेला, बाप ट्रेलर चालवतो, ही अलिबागला नर्सिंगचं शिकते. एका सकाळी ती त्यांच्या पायरीवर बसून पुटपुटत होती आणि एक हात हवेत कोयता चालवावा तसा चालवत होती.

“काय गं, परीक्षा आली वाटतं?”

“नाय काका. रॅप हाय.”

“ते उलट्या टोप्या घालून भांडतात ते?”

“टोपी सरल घालून पन भांडता येतं.”

मला राग यायला हवा होता, पण आली उत्सुकता. हा माझा जुना रोग आहे. मी सुपाऱ्यांची पाटी आणि अडकित्ता घेऊन कुंपणाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, सांग.

तिने सांगितलं ते असं. अमेरिकेत गरिबांच्या वस्तीत लोक एकत्र जमून नाचायचे. रेकॉर्ड लावणाऱ्याच्या लक्षात आलं की गाण्याच्या मधला नुसत्या ढोलाचा तुकडा आला की माणसं पेटतात. मग त्याने दोन तबकड्या शेजारीशेजारी ठेवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला सुरुवात केली. एक माणूस माइक घेऊन मधे मधे बोलायचा. कोण आलं, कोण कुठल्या गल्लीतलं, चला हात वर करा. हळूहळू ते बोलणं ठेक्यात बसलं, मग त्याला यमकं आली, मग त्यात घरभाडं, पोलीस, बेकारी सगळं आलं. तिथून जगभर फिरत ते मुंबईच्या झोपडपट्टीत आलं आणि मोबाइलमधून आमच्या खाडीपर्यंत.

मी अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे हे सगळं सुरू केलं ते माइकवर बडबडणाऱ्या माणसाने?”

“हां. तुमच्यासारख्याच.”

दुपारी जेवताना मी ही गोष्ट घरात सांगितली. बायको आमटी वाढत म्हणाली, “म्हणजे तुम्ही अमेरिकेत जन्मायचे ते चुकून इथे आलात. तिथल्या लोकांचं नशीब.”

पुढचा आठवडाभर मी दुपारची झोप सोडून कानात त्या वायरी घालून रॅप ऐकत होतो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. तिसऱ्या दिवशी स्वतः करून पाहिलं; ‘सुपारी’ला ‘दुपारी’ जुळली, पुढे काही जुळेना. चौथ्या दिवशी मात्र एक गोष्ट ध्यानात आली आणि ती गमतीची नव्हती. ही पोरं आपल्या घरातल्या भाषेत बोलत होती. रेवदंड्याच्या स्टँडवर वडापाव खाणारी पोरं हल्ली ‘हाय, न्हाय, व्हय’ छाती काढून बोलतात, ती का, ते मला तेव्हा कळलं. माझ्या वेळी शाळेत ‘न्हाय’ म्हटलं की छडी बसायची. कचेरीत मिठागराकडची माणसं दाखल्याला यायची तेव्हा दारातच आवाज खाली करायची आणि उसनी पुस्तकी भाषा जुळवत बोलायची. टेबलाच्या अलीकडे मी बसलेलो असायचो. मी त्यांना कधी म्हटलं नाही, अरे, सरळ बोला. कुठल्या परमुलखातल्या गल्लीतलं गाणं येतं आणि इथल्या माणसाला त्याची स्वतःची बोली परत देऊन जातं, हे कसं होतं? मला अजून नीटसं कळलेलं नाही.

तर त्या मुलीला हवं होतं ते एवढंच. गावच्या कबड्डी स्पर्धेत मुलींच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतराला पाच मिनिटं. तिने बापावर रॅप लिहिला होता आणि तो बापाने उभं राहून ऐकावा अशी तिची इच्छा होती. बाप महिन्यातून जेमतेम एकदा-दोनदा घरी. त्या दिवशी तो बंदरावरून रिकामा ट्रेलर घेऊन गावावरून जाणार होता. मध्यंतराला पोचेल आणि लगेच पुढे निघेल.

“घरीच म्हणून दाखव ना,” मी म्हटलं.

“घरी तो जेवतो आणि झोपतो. आनि त्याच्या तोंडासमोर मना बोलाय यायचा नाय. माइकवर येल.”

हे मला पटलं. मीही बायकोशी बोलायला कधी कधी माइक मिळावा म्हणतो.

मंडळाचा अध्यक्ष तयार नव्हता. “रॅप-बिप नको. मध्यंतराला लोक चहाला जातात. उद्या चार जण अजून माइक मागतील.” मी हमी घेतली. तो म्हणाला, “तुमच्या भरवशावर देतो. बोंब झाली तर पुन्हा विचारायचं नाही, तिनेही आणि तुम्हीही.”

आदल्या दिवशी तिने मला बजावलं. “काका, नाव सांगायचा आनि गप बसायचा. सुरवातीला ठेका रिकामाच वाजतो. मी मनान मोजत असते. तवा बोलू नका.”

“मी काय लहान आहे?”

सामना काशीद आणि म्हसळ्याच्या मुलींचा. मध्यंतराला म्हसळा तीन गुणांनी पुढे. मी नाव पुकारलं. ती दुसरा माइक घेऊन मैदानाच्या मधल्या रेषेवर उभी राहिली. तेवढ्यात दोरीपलीकडे तिचा बाप धापा टाकत आला. बंदरात बूट सक्तीचे, ते बूट तसेच पायात. येऊन त्याने पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली, डोळे मिटले. ठेका सुरू झाला.

धप्, धप्. ती गप्प. धप्, धप्. ती गप्पच. मी मनात म्हणतोय, मोजते आहे, मोजते आहे. पण पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठल्या, एक जण चप्पल चाचपायला लागला आणि माझ्या हातातला माइक मला आपोआप गरम वाटायला लागला. त्याच क्षणी मागून कोणीतरी हातात चिठ्ठी कोंबली. आणि मी वाचली.

“एक महत्त्वाची सूचना! शाळेच्या वळणावर एक ट्रेलर आडवा उभा आहे. एसटी अडकलेली आहे. ड्रायव्हरने ताबडतोब येऊन गाडी काढावी!”

‘ट्रेलर’ म्हणताना मला समजलं होतं. पण माझं तोंड माझ्या नेहमीच चार पावलं पुढे असतं. वर कहर म्हणजे सगळी सूचना ठेक्यात बसली, आणि लोक हसले.

बापाने खिशातून चावी काढली, लेकीकडे एकदा पाहिलं आणि वळला. तिने डोळे उघडले तेव्हा तिला त्याची पाठ दिसली. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाला, “झाली बोंब.”

ठेका वाजतच होता. तिने माइक तोंडाशी नेला.

“थांब गो एस्टी, घडीभर वलनावर,
बापूस माझा आलाय बावीस दिसांवर.
माइकवाला काका चिठ्ठी वाचतो, वाचू दे त्याला,
माझी पन एक चिठ्ठी हाय, द्यायची बापाला!”

हे तिने लिहिलेलं नव्हतं. तिथेच जुळवलं होतं. उठलेल्या बायका बसल्या. पण बाप थांबला नाही. एसटीत चाळीस माणसं अडकलेली. गाडीवाला माणूस अशा वेळी थांबत नाही. तो निघाला, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत बोलत राहिली.

मी माइक टेबलावर ठेवला आणि पळालो. जन्मात पहिल्यांदा रिकामा ठेवला. काय करणार होतो, कोण जाणे. बहुधा ट्रेलर मीच मागे घेतो म्हणणार होतो. मला सायकल धड लावता येत नाही.

वळणावर पोचलो तर तो ट्रेलर मागे घेत होता. समोर एसटी, कंडक्टर दारात लोंबकळत आरडाओरडा करतोय. आणि डोक्यावर, विजेच्या खांबाला, भोंगा. माझा आवाज शाळेपर्यंत गेला पाहिजे म्हणून मीच हट्टाने तिथवर लावून घेतला होता. त्यातून ती बोलत होती.

“आजा उभा मिठागरान, मीठ पायान भरला,
मीठ गेला ट्रकान, थोडा डोल्यान उरला.
बावीस चाकं बापाची फिरतान देशभर,
चपला त्याच्या दोन, उभ्या आमच्या दारावर!”

ट्रेलर अर्धा मागे आलेला, तिथेच थांबला. त्याने इंजिन बंद केलं. कंडक्टर तोंड उघडून काही बोलणार होता, तोही वर भोंग्याकडे बघत राहिला. ती संपवेपर्यंत शाळेच्या वळणावर कोणी हॉर्न वाजवला नाही. मग मैदानाकडून टाळ्या ऐकू आल्या.

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. “भाऊसाहेब, ती चपलांचा काय बोलली वो?”

“तुझ्या चपलांबद्दल बोलली.”

“माझ्याच?”

“तुझ्याच.”

त्याने मान आत घेतली. इंजिन सुरू केलं, एसटीला वाट दिली आणि गाडी कडेला लावली. तोवर मुलगी पळत आली होती. खालूनच तिने विचारलं, “जेवलास कं?” तो वरून म्हणाला, “वाटेन जेवतो.” झालं एवढंच बोलणं. ट्रेलर घराच्या दिशेने निघून गेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “काका, आज आता काय बोलूच नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपाऱ्या वाळत घालायला गेलो तर ती पायरीवर बसलेली, चेहरा लांब.

“काय झालं? अध्यक्ष तर तुला पुढच्या वर्षीही बोलवा म्हणतोय.”

“घोटाला झाला. बापूस जाताना घरी आला आनि चपला घेऊन गेला. आता गाडीन ठेवनार म्हनतो. दारान चपला नायत, माझी ओल खोटी पडली.”

मी पायरीकडे पाहिलं. जिथे त्या असायच्या तिथली फरशी जरा निराळ्या रंगाची दिसत होती.

“मग बदल की ओळ.”

“तेच करतंय. जरा गप बसा.”

तिने डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. मी कुंपणाशी उभा राहिलो. ती मोजत होती, म्हणून मीही मनात मोजायला लागलो. एक शब्द बोललो नाही. इतका वेळ बोललो नाही, की आतून बायको ओटीवर आली आणि म्हणाली, “काय हो, बरं वाटत नाही का?”