आज माझ्या मुलीने मला काकू म्हटलं

सोमवारी शर्वरीला इंग्रजी शाळेतून काढून घराजवळच्या पालिकेच्या मराठी शाळेत, दुसरीत घातलं. कारणं इथे लिहीत नाही. "तुझ्या हट्टापायी पोरगी एकटी पडेल," असं सासूबाई म्हणाल्या. आठवडाभर मलाही तीच भीती होती. रोज विचारायचे, "कोणाबरोबर जेवलीस?"

"कोणाबरोबर नाही."

शाळेत खिचडी वाटण्याआधी एका पालकाने ती खाऊन बघायची असते. आज माझी पाळी होती. वागळे इस्टेटमध्ये मी मशीनचे पार्ट तपासते, तितक्याच गंभीरपणे खिचडी तपासली. मीठ बरोबर होतं. बाईंनी डावच हातात दिला. "आलाच आहात तर वाढा."

रांगेतली सगळी मुलं मला काकू म्हणत होती. शर्वरी आली ती दोन मुलींसोबत, हसत.

"काकू, मला जास्त वाढा ना."

"अगं, तुझी आई आहे ना ती?" एकीने विचारलं.

"घरी. इथे काकू. चल लवकर, आपली जागा जाईल."

तिघी खिडकीखाली जाऊन बसल्या. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारपासून मला नीट जेवण गेलं नव्हतं. आज तिथेच एक ताट मागून घेतलं.

तुमचं मूल नव्या शाळेत रुळलं, हे तुम्हाला कशावरून कळलं?