बाबा विचारतात, शेंगा घेऊ का?

मंगळवारी बाबा भाजी आणायला बाजारात गेले. तिथेच ते वारले.

त्या दिवसापासून आई बोलायची थांबली. विचारलं की मान हलवायची, ताटातला भात चिवडायची आणि दुपारी मोबाईल घेऊन आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, शिरढोणहून राहायला आली होती. ती मला रोज बजावायची, "वैनीला बोलती कर रे. आशी गप बसली तर ती पन जाईल." मी वाचनालयात नोकरी करतो. माणसांना गप्प बसवणं हे माझं काम. बोलतं करायचं मला कुणी शिकवलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी आत्या दिवाणावर तक्क्याला टेकून वाती वळत होती. (तिच्या पाठीत उसण भरली होती, त्यामुळे ती जाईल तिथे तक्क्या घेऊन जायची.) पनवेलच्या उन्हात बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. आणि घरातच कुठूनतरी, अगदी बारीक पण स्वच्छ आवाज आला :

"अगं ऐक, शेवग्याच्या शेंगा कोवळ्या आहेत. घेऊ का?"

आवाज बाबांचा होता.

आत्याच्या हातातली वात गळून पडली. "आयकलंस?"

"शेजारचा टीव्ही असेल," मी म्हणालो. शेजारचे लोक गावी गेलेत आणि दाराला कुलूप आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"दादा टीवीत कवापासून कामाला लागला?"

मग मी नव्या विमानतळाचा आधार घेतला. विमानं खालून जातात, भिंतींत आवाज घुमतो, असं बरंच काही सांगितलं. (विमान शेंगांची चौकशी कशाला करेल, हे मात्र मला सांगता आलं नाही.) आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "दादाची इच्छा राहिलीय. जा, शेंगा आन."

शेंगा आणल्या. आमटी केली. गॅलरीत पान ठेवलं. कावळा आला, जेवला, गेला. मला हायसं वाटलं.

शनिवारी आत्या गॅलरीत बसली होती, तर आवाज गॅलरीतून आला. "मेथी जून वाटतेय. पण जुडी मोठी आहे." रविवारी ती स्वयंपाकघरात बसली, तर बाबा स्वयंपाकघरात. आत्या जिथे जाईल तिथे ते तिच्या पाठीमागून बोलत होते. तिने मागे वळून बघणं सोडून दिलं. मी रोज बाजारात जाऊन बाबांनी सांगितलेली भाजी आणत होतो. फ्रिजचं दार लागेनासं झालं.

सोमवारी आत्या म्हणाली, "आज तू बोल. तुजा बाप हाय."

"काय बोलू?"

"इचार, वैनीचं काय करायचं."

दुपारी आईने दार लावून घेतलं. आम्ही पंखा बंद केला. मी घसा खाकरला.

"कारली ताजी आहेत," बाबा म्हणाले. "आणू का?"

विचारायचं ते राहिलंच. जन्मभर त्यांच्यासमोर न बोललेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं, "बाबा, कारली नको."

आत्याने माझा दंड धरला.

"घेतली," बाबा म्हणाले. "आता बोलू नकोस."

आत्या उठली आणि हाताला लागला तो तक्क्या छातीशी कवटाळून दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा तिच्या कुशीतून आवाज आला, "पिशवी फाटली गं."

तिने तक्क्या टाकला. मी धीर करून खोळीची चेन उघडली. आत गळ्यात अडकवायचा, आईच्या मोबाईलला जोडलेला ब्लूटूथ हेडफोन होता आणि त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. आईबाबांत तो एकच. संध्याकाळी आई त्यावर कीर्तन ऐकायची आणि मग हरवू नये म्हणून बाबा तो खोळीत ठेवायचे. बंद करायचं दोघांनाही सुचत नसे. आवाज शेवटपर्यंत चढवलेला, कारण बाबांना कमी ऐकू यायचं.

मी आतलं दार ढकललं. आई पलंगावर बसली होती. मोबाईलवर बाबांनी बाजारातून तिला पाठवलेले आवाजाचे मेसेज उघडे होते, काही वर्षांचे. रेघ पुढे सरकत होती. आवाज येत नव्हता.

"रोज लावून बघते," आई म्हणाली. "ह्यांचा आवाजच गेलाय रे फोनमधून."

मी हेडफोन तिच्या गळ्यात घातला, कानांत बसवला आणि तिला पुन्हा लावायला सांगितलं. ती ऐकत राहिली. बराच वेळ. मग पदराने डोळे पुसून समोरच्या भिंतीला म्हणाली, "अहो, जून आहे तर मोठी जुडी घेऊन करायचीय काय?"

आत्या दारात उभी राहून रडली.

संध्याकाळी आईने फ्रिज उघडला. "हा बाजार कुणी भरलाय?" असं विचारलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या रात्री ती नीट जेवली.

आता बाबांचे ते मेसेज उरले आहेत. माझ्याविषयी एखादा शब्द सापडेल म्हणून मी सगळे ऐकले. माझं नाव एकदाही नाही. दुधीचं पुष्कळदा आहे, आणि फार मायेने घेतलेलं आहे.