दीदीसारखं फ्रेंच

"हा मुलगा जूनमध्ये असा बोलत नव्हता," स्क्रीनवरच्या, ओमच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्या इंग्रजीत बोलल्या, कारण ते ओमसाठी नव्हतं, त्याच्या आईसाठी होतं.

रायपूरच्या बूढापारा भागातल्या त्या घरात आम्ही चौघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. मधोमध आठ वर्षांचा ओम. त्याच्या बाजूला त्याची आई, मेघना काकू. दिवाणावर त्याचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात. आणि ओमच्या अगदी मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, त्याची सुट्टीतली फ्रेंचची टीचर.

मॅडमनी सोपे प्रश्न विचारले होते. सकाळी काय खाल्लंस, घरात कोण कोण आहे, दिवसभर काय करतोस. ओमने सगळ्यांची उत्तरं दिली. एकेक शब्द सुटा करून, दर शब्दानंतर थांबून. मला ती उत्तरं बरोबर वाटली. मी मनातल्या मनात टिक करत होते.

"शेवटचा कॉल दहा दिवसांनी," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही असंच असेल तर त्याला एक वर्ग खाली बसवावं लागेल. सॉरी."

कॉल बंद झाला. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर दीड महिन्याची वही होती. तीत ओमला जवळजवळ रोज दहापैकी दहा होते.

ओमचे बाबा आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट नावाच्या देशात, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर आहेत. तिथली शाळा फ्रेंचमध्ये चालते. ओम आणि त्याची बारा वर्षांची बहीण सई तीन वर्षांपूर्वी तिकडे गेली, तेव्हा दोघांना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. म्हणून दोघांनाही एकेक वर्ग खाली बसवलं होतं. त्यांची मोठी सुट्टी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असते. नेमक्या तेव्हा आपल्याकडच्या शाळा सुरू असतात. म्हणजे दिवसभर खेळायला कोणी नाही, आणि फ्रेंच बोलायला तर नाहीच नाही.

त्या शाळेचा एक नियम आहे. ज्याच्या घरी फ्रेंच बोलत नाहीत, त्या मुलाला सुट्टी संपताना तपासतात. भाषा घसरली असेल तर वर्ग खाली. सईचा कॉल आदल्या दिवशी, मी नसताना झाला होता आणि ती पास झाली होती. ओम अजून एक वर्ग खाली गेला असता तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये बसला असता. तसं झालं तर त्याला इथे आबांजवळ ठेवून रायपूरच्याच शाळेत घालायचं, असं काकूंनी ठरवलं होतं. काकू आणि सई परत जाणार, ओम राहणार. हे ओमलाही माहीत होतं. रोज बाबांच्या व्हिडिओ कॉलवर तो आधी हेच विचारायचा, "पापा, मेरा टिकट हुआ क्या?"

आता माझ्याबद्दल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे बाबा पंडरीच्या कापड बाजारात एका दुकानात गिऱ्हाइकांना कापडाचे तागे उलगडून दाखवतात. कॉलेजात फ्रेंचचा सर्टिफिकेट कोर्स निघाला तेव्हा मुलं कमी पडत होती, म्हणून तिथल्या मॅडमनी माझं नाव लिहिलं. मला ती भाषा आवडली. मी ए-टूपर्यंत पास झाले. या परीक्षांना लेव्हल म्हणतात. ए-वन म्हणजे नाव-गाव सांगता येणं. ए-टू म्हणजे दुकानात, रस्त्यावर काम भागवता येणं. त्यावर बी, त्यावर सी. मी पायऱ्यांच्या खालच्या भागातच होते, पण मला ते तेव्हा खालचं वाटत नव्हतं. बाबा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माही पोट्टी फ्रेंच शिकवते."

आबा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना माझ्या पाया पडायला लावलं. मी लाजून मागे सरकले तर म्हणाले, "पडू दे. आमच्या घरची रीत हाय ते." मग मुलांकडे वळले. "हे पहा पोट्टेहो. टीचर बोलून राहिली तं मधी तोंड घालायचं नाही. तिची चूक काढायची नाही. ते सांगन तेच बरोबर. समजलं?"

"हव," दोघं म्हणाली.

मला फार बरं वाटलं. इतका मान मला तोवर कोणी दिला नव्हता.

मला जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवलं. डिक्टेशन, म्हणजे मी वाचायचं आणि त्यांनी लिहायचं. मग उतारा पाठ करायचा. मग प्रश्नोत्तरं. पहिल्या आठवड्यात ओम फार भरभर बोलायचा. मला नीट कळायचं नाही. मी म्हणायचे, "धीरे, ओम. साफ बोलो." हळूहळू तो सावकाश बोलायला लागला. मला कळायला लागलं. मी वहीत लिहिलं: चांगली सुधारणा.

त्या कॉलनंतर काकू म्हणाल्या, "तुझ्या वहीत तर याला पूर्ण मार्क आहेत. मग हे काय?"

"कॅमेऱ्यासमोर घाबरला असेल, काकू." मला खरंच तसं वाटत होतं. "मी रोज एक तास वाढवते."

दोन दिवस मी दुप्पट डिक्टेशन दिलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजचा शेवटचा तास झाला नाही, म्हणून मी लवकर पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी एक चप्पल काढली आणि आतून आवाज आला.

सई आणि ओम कॅरमवर भांडत होती. फ्रेंचमध्ये.

मी तशीच उभी राहिले, एका पायात चप्पल. इतक्या वेगाचं फ्रेंच मी फक्त कॉलेजच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं, तेही तिथल्या मॅडम थांबवून थांबवून लावायच्या. इथे थांबवायला काही नव्हतं. ओमचं एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होत होतं. तो तक्रार करत होता, टोमणे मारत होता, मधेच हसत होता. चार-पाच शब्दांतला एखादाच माझ्या हाती लागत होता. बाकी सगळं निसटत होतं.

मग ओमचा आवाज बदलला. तो एकदम सावकाश बोलायला लागला. एकेक शब्द सुटा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हां?" मॅडमच्या कॉलवर बोलला होता अगदी तसं. सई खळखळून हसली. मग घाईने म्हणाली, गप, दीदी येईल आता. तेवढं मला समजलं.

तो "हां?" माझा होता. मी प्रत्येक वाक्याला तो लावते. तोपर्यंत मला ते माहीत नव्हतं.

माझे कान गरम झाले. परत फिरावं, तब्येत बरी नाही असा मेसेज टाकावा, असं वाटलं. पण सईने मला पाहिलं होतं. तिच्या हातातला स्ट्रायकर खाली पडला.

मी आत जाऊन बसले. पडलेला स्ट्रायकर उचलून बोर्डावर ठेवला. शेवटी म्हणाले, "ओम, तुम इतना अच्छा बोलते हो. फिर मेरे सामने ऐसे क्यों बोलते हो?"

ओमने सईकडे पाहिलं. सईने कॅरमकडे.

"दीदी, आप गुस्सा मत होना," सई म्हणाली. "आपका फ्रेंच थोड़ा... स्लो है. और थोड़ा अलग है. तो हम लोग आपके जैसा बोलते हैं."

"क्यों?"

"आबा ने बोला था ना. टीचर की गलती नहीं निकालना. सही बोलेंगे तो आपको लगेगा हम आपको टोक रहे हैं."

"और डिक्टेशन?"

"जो आपने बोला, वही लिखा," ओम म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मेरे को पता था वहाँ गलत है. पर फुल मार्क्स तो मिले."

मी वही उघडली. माझ्याच लाल खुणा दिसत होत्या. त्यातल्या किती खोट्या, हे मला स्वतःला शोधता येत नव्हतं. सगळ्यात जास्त धक्का मला याचा बसला.

"लेकिन उस दिन मॅडम के सामने? वहाँ तो ठीक बोल सकते थे."

ओम गोंधळला. मी काय विचारते आहे तेच त्याला कळेना.

"आप पीछे बैठी थीं ना, दीदी," तो म्हणाला.

आठ वर्षांचं मूल. परत जायचं तिकीट पणाला लागलेलं. आणि मी मागे बसले आहे म्हणून त्याने माझं फ्रेंच बोलून दाखवलं होतं.

मी लगेच उठून काकूंना सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी पूर्ण तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. तास संपल्यावर दारापर्यंत गेले, परत आले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं. काकू कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तुला येत नव्हतं तर सांगायचं होतं ना!"

"मला येतं असं मला वाटत होतं, काकू."

"तुला वाटत होतं! अगं, पोरगं मागे राहील माझं!"

आवाज ऐकून आबा आले. मी परत सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता स्टुलावर बसले.

"म्हंजे हे माह्या बोलण्यानं झालं?"

"नाही आबा, माझ्यामुळे झालं."

"तू काहून? तू तं जे येते ते शिकवून राहिली होती. मीच पोट्ट्यायचं तोंड बंद केलं." मग सुनेला म्हणाले, "आता आठ दिवसांत कोण भेटन?"

काकूंनी दोन-तीन ठिकाणी फोन केले. ऑनलाइन शिकवणाऱ्या एका बाईंना महिनाभर वेळ नव्हता. दुसरीकडून उत्तरच आलं नाही.

मी चाचरत म्हणाले, "काकू, मी त्यांना शिकवू शकत नाही. पण त्यांनी मला शिकवलं तर? ओमला रोज दोन तास बोलावं तरी लागेल."

काकू परत कणीक मळायला लागल्या. आबांनी मुलांना हाक मारली. "आजपासून दीदीची चूक काढायची. लगेच काढायची. माह्या समोर काढायची."

मुलांचा विश्वास बसेना. ओमला वाटलं आबा त्याची परीक्षा घेताहेत. मी एक वाक्य बोलले. त्याने आधी आबांकडे पाहिलं. आबांनी पेपर तोंडापुढे धरला. ओम हळूच म्हणाला, "दीदी, ऐसा नहीं." आणि मग बरोबर वाक्य बोलला, त्याच्या वेगात. पेपर किंचित हलला. आबांना ते ऐकवत नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण ते उठून गेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ओम सुटलाच. बूढा तालाबाच्या काठाने चालताना त्याने मला आपला अख्खा वर्ग समजावून सांगितला: कोण मारतो, कोण चुगली करतो, फुटबॉलमध्ये गोलकीपर कोणालाच का व्हायचं नसतं. मला कळलं नाही की मी विचारायचे. मग तो चिडून तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचा. त्यालाच त्याचा फायदा झाला. मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून माझ्या चुका लिहायला घेतल्या. वही भरत आलेली पाहून एकदा सई म्हणाली, "दीदी, दूसरी कॉपी ले आओ." ओमला हसू आवरेना.

ते हसू मला लागायचं. खोटं कशाला बोलू.

शेवटच्या कॉलला काकू म्हणाल्या, "तू आत बस." त्या रागाने म्हणाल्या नाहीत. माझंही तेच म्हणणं होतं. मी स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याला टेकून उभी राहिले.

मॅडमनी विचारलं, सुट्टीत काय केलंस?

ओम धाडधाड बोलायला लागला. कॅरम, तालाब, आबांच्या रेल्वेच्या गोष्टी. मग म्हणाला, "आणि मी एका मोठ्या मुलीला फ्रेंच शिकवलं."

मॅडम हसल्या. "जमलं का तिला?"

"थोडं थोडं. ती फार घाबरते. पण चूक सांगितली तर रागवत नाही."

दोघांपैकी कोणी माझ्यासाठी फ्रेंचचा वेग कमी केला नव्हता. तरी माझ्याबद्दलचा प्रत्येक शब्द मला कळला.

ओमचा वर्ग तोच राहिला. तिकीट त्याच दिवशी काढलं. काकूंनी पुढच्या वर्षी मला बोलावतील की नाही ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी सध्या बी-वनची तयारी करते आहे आणि पंडरीजवळ दोन लहान मुलांना अगदी सुरुवातीचं फ्रेंच शिकवते, तेवढंच जेवढं मला पक्कं येतं. बाबांनाही सांगून टाकलं. त्यांना नीट समजलं नाही. "पण आता येते ना?" एवढंच म्हणाले.

एखाद्या मुलाची सगळी उत्तरं सलग बरोबर यायला लागली की मी पूर्वी खूश व्हायचे. आता मी टिक करायच्या आधी ते उत्तर दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेते.