चमचा धरता येईल असा वेग

आमच्या घरात राग फक्त मलाच येतो. बाकीच्यांनी ते खातं माझ्याकडे सोपवून टाकलंय. सासरे चिडत नाहीत, नवरा चिडत नाही, आणि मी तोंड उघडलं की दोघंही कुकरची शिट्टी झाल्यासारखे दचकून बघतात. त्यामुळे हेही मी चिडूनच सांगणार आहे. ज्याला गोड ऐकायचं असेल त्याने खुशाल उठून जावं.

सांगायचंय ते माझ्या सासऱ्यांबद्दल. मी त्यांना बाबा म्हणते, गल्ली त्यांना पंपवाले काका म्हणते. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपांवर त्यांनी उभा जन्म काढला. पंपघरात इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. बाबांना ओरडणं आवडत नाही, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं असावं. ते पंपावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि आतलं बेअरिंग धड आहे की नाही ते सांगतात. घरीही तीच खोड. मी मिक्सर लावला की जाता जाता त्याच्यावर हात ठेवून जाणार. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या कपाळावर कधी ठेवलात हो असा हात?" आणि स्वतःच हसत सुटायच्या.

त्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत त्यांना खाट मिळाली. पातळ जेवण सावकाश भरवलं तर गिळता येत होतं, पण बाईसाहेब भरवू द्यायच्या ते फक्त बाबांना. नर्सने भरवलं की थू करून टाकायच्या. मी शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावते. दुपारच्या सुट्टीत धावत जायचे, तर तोंड भिंतीकडे! माझ्या हातचं त्या धडधाकट असतानाही नाक मुरडूनच खायच्या, आता तर आयतं निमित्त मिळालं होतं. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरीला बघू. असंच चालू राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

बाबा एवढंच म्हणाले, "नळी नको. तिला खायची आवड आहे."

आता दवाखान्याचं दार संध्याकाळी सातला बंद होतं. आणि बाबांच्या जागी पंपावर येणारा तो पुढच्या पाळीचा महाभाग कधी वेळेवर उगवेल तर शपथ! तो आल्याशिवाय पंप सोडून निघता येत नाही. बाबांनी त्याच्यापुढे कधी ब्रसुद्धा काढला नाही. मी असते तर त्याला पंपालाच बांधला असता. तिथून दोन बस बदलून जायचं म्हणजे बंद दार बघायला जायचं.

म्हणून आमच्या ह्यांनी एक जुनी दणकट सायकल आणली आणि तिच्या सांगाड्यात छोटंसं पेट्रोलचं इंजिन बसवलं. हे गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. हातात कसब आहे, ते मी नाकारत नाही. ह्यांचा एक नियम आहे, स्वतः चालवून बघितल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. त्याची फुशारकी पाहुण्यारावळ्यांत सुद्धा मारतात. तर ती सायकल चालायला लागली, पण रमतगमत. बाबा पोहोचायचे, चार चमचे भरवायचे, तोवर सिस्टर दारात उभी. "काका, वेळ संपली." चार चमच्यांवर माणूस जगतं का?

आणि मुलगा काय करत होता? संध्याकाळी गॅरेजमध्ये गर्दी असते, मान्य. पण रविवार? पहिल्या आठवड्यानंतर हे आईकडे फिरकले नव्हते. "मला बघवत नाही गं," म्हणायचे. अहो, आम्हाला काय बघायला मौज वाटत होती? तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. पण बाबा हळूच म्हणायचे, "असू दे सूनबाई, हळवा आहे तो." झालं, विषय संपला.

तर एक अख्खा रविवार ह्यांनी त्या सायकलीखाली लोळण घेतली. कार्ब्युरेटरचं भोक मोठं केलं, सायलेन्सरच्या आतली नळी काढून फेकली. इंजिन चालू करताच ती सायकल बोंबलायला लागली, गल्लीतली कुत्री पार कोपऱ्यापर्यंत पळाली. "आता बघा बाबा, कशी सुसाट जाते!" आणि खरंच गेली. बाबा कितीतरी लवकर पोहोचायला लागले. मला वाटलं, चला, आता सासूबाई वाटीभर तरी जेवतील.

कसलं काय! दुपारी सिस्टर मला म्हणाली, "काकांचे हात फार थरथरतात हो हल्ली. निम्मं अंगावर सांडतं. मग आजी तोंडच मिटून घेतात. आणि येतातही अगदी शेवटी." मी म्हटलं, शेवटी कसे? घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, "वय झालं त्यांचं." आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दोन-चार दिवसांनी कारखान्यातली वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी थेट दवाखाना गाठला. मागच्या इमारतीशी सायकल उभी, इंजिन अजून तापलेलं. आणि बाबा पायरीवर बसलेले. डबा बाजूला ठेवलेला, दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले, डोळे दाराकडे.

"बाबा! इथे काय करताय? आत जा ना!"

"हात जागे व्हायची वाट बघतोय."

"म्हणजे?"

"वेगात असली की फार धडधडते गं. कोपरापर्यंत मुंग्या येतात. चमचा धरवत नाही. थोडं बसलं की उतरतं."

मी त्यांचे हात ओढून बाहेर काढले. बोटं पांढरी पडली होती आणि थरथरत होती. पंपाच्या पोटातलं दुखणं ओळखणारे हात ते! रस्त्यावर वाचवलेला सगळा वेळ हा माणूस रोज पायरीवर बसून घालवत होता, आणि आत त्याची बायको उपाशी होती.

"मग हळू चालवा की!"

"हळू चालवली की उशीर होतो."

"अहो, मग ह्यांना सांगायचं ना!"

"त्याने सबंध रविवार घातला गं त्यात. पोरानं एवढ्या हौसेनं केलंय."

मला काय झालं ते सांगता येत नाही. रडू आलं आणि त्याचाही रागच आला. हा बाप लेकाला वाईट वाटू नये म्हणून मूग गिळून बसणार, तो लेक स्वतःला वाईट वाटू नये म्हणून आईकडे जाणार नाही, आणि त्या बाईच्या नाकात नळी जाणार! वा रे माया! आग लागो असल्या मायेला!

त्या संध्याकाळी मी घरात जो काही तमाशा केला, तो भिंतीपलीकडच्यांनी टीव्ही बंद करून ऐकला. "आवाज वाढवलात तुम्ही, दुसरं काही नाही!" मी म्हटलं. "त्यांना शर्यत जिंकायची होती का? चमचा धरायचा होता, चमचा!" हे आधी लाल झाले, मग पांढरे. बाबांच्या हातांकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच माझं. इंजिनाला ओरडायला लावून वेग काढला मी. इंजिन सावकाश फिरलं पाहिजे आणि चाक तेवढंच पळालं पाहिजे."

"मग करा ना तसं!"

"मागच्या चाकाची दातेरी चकती लहान बसवावी लागेल. सपाटीला शांत पळेल. चढाला मात्र ताकद कमी पडेल. उड्डाणपुलावर बाबांना पॅडल मारावं लागेल."

"मारीन," बाबा म्हणाले.

पुढचा रविवार त्यातच गेला. चकती बदलली, सायलेन्सरमध्ये नवी नळी घातली, कार्ब्युरेटर पहिल्यासारखा केला. संध्याकाळ व्हायला आली. इंजिन चालू करून बाबांनी हँडलवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं." हे खूश. हात पुसायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "चालवून कोण बघणार?"

"बघतो ना, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

"कोपऱ्यापर्यंत नाही. हा डबा घ्या, दवाखान्यापर्यंत जा, आणि तिथे चमचा धरून दाखवा. गिऱ्हाइकाची गाडी देता का कधी न चालवता? मग बापाचीच का देताय?"

ह्यांनी बाबांकडे बघितलं, की ते नेहमीसारखं "असू दे सूनबाई" म्हणतील. बाबांनी डबा त्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी डबा उचलला आणि निघाले.

मी आणि बाबा बसने गेलो. पोहोचतो तर काय, हे पायरीवर! त्याच पायरीवर, डबा बाजूला, दोन्ही हात काखेत. माझं डोकं फिरलं. "म्हणजे हेही फुकट? रविवार गेला, चकती गेली, आणि पुन्हा मुंग्या त्या मुंग्याच?"

बाबा आधी सायकलीशी गेले, हँडल चाचपून पाहिलं. मग लेकाजवळ बसले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या तळहातांत घेऊन, डोळे मिटून बसून राहिले.

"मशीन उत्तम झालंय," ते म्हणाले. "हे इंजिनाचं नाही."

"बाबा, दारापर्यंत तीनदा जाऊन आलो," हे म्हणाले.

मी डबा उचलून ह्यांच्या हातात दिला. "उठा आता. सातला दार बंद होतं."

सासूबाईंनी ह्यांना बघितलं आणि बघतच राहिल्या. हे खाटेच्या कडेला बसले, चमचा भरून पुढे केला. हात हलत होता, पण सांडलं नाही. सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने त्यांनी ह्यांचं बोट पकडलं, वळवून उजेडाकडे धरलं. नखात ग्रीस. घरी असताना नखं घासल्याशिवाय ह्यांना त्यांनी कधी ताटाला हात लावू दिला नव्हता, लग्न झाल्यावर सुद्धा! त्यांनी तो हात ढकलून दिला.

हे उठले. बेसिनपाशी जाऊन लहान मुलासारखी नखं घासत राहिले. परत आले, दोन्ही हात पुढे केले. त्यांनी एक बघितला, दुसरा बघितला. मग तोंड उघडलं.

एक चमचा. दुसरा. मध्ये थांबायचं, गिळेपर्यंत वाट बघायची. वाटी निम्मी झाली असेल, तेवढ्यात सिस्टर दारात आली. "चला, वेळ संपली."

"थांबा!"

मी दचकले. तो आवाज माझा नव्हता. पंपघरात कधी न वापरलेला तो सगळा आवाज बाबांनी त्या एका शब्दात ओतला होता. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. "थांबा! पोरगा आईला भरवतोय. दिसत नाही का तुम्हाला?"

सिस्टर दाराला टेकून गुपचूप उभी राहिली. ह्यांनी सबंध वाटी भरवली. बाबा खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते, आणि त्यांचा तळहात सासूबाईंच्या कपाळावर होता.