‘आमच्याबद्दल’ या पानावर मी लिहिलेलं

ही गोष्ट आजवर माझ्याच पोटात राहिली. बायकोला ठाऊक नाही, भावांना नाही, रोज शेजारी बसून चहा पिणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही मनात येतंय, तुम्ही ते पान वाचलेलं तर नाही ना? पुण्याकडचे असाल, घरात देव्हारा असेल, तर वाचलंही असेल. वाचून हळहळलाही असाल. तसं असेल तर फसवणूक तुमचीही झाली, आणि करणारा मी.

मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. थोडं मागून येतो.

मेहकरला बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज. गाव डोणगाव. वेबसाइट बनवायला मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. एका मंगल कार्यालयाची केली, एका नर्सरीची केली. त्या कोणी उघडूनही बघायचं नाही. वेबसाइट बनवणं सोपं असतं हो. कोणीतरी ती उघडावी, उघडली तर वाचावी, वाचली तर काही विकत घ्यावं — काम ते असतं. ते मला जमत नव्हतं, आणि जमत नाही हे आतून डाचत होतं.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कापूस खाल्ला. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडा. बियाण्याच्या पाकिटावर जे छापलं होतं त्यावर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, त्यानंतर कोणी कोणावर ठेवेना. दुकानदार कंपनीकडं बोट दाखवी. कंपनीचा माणूस म्हणे, तुमची फवारणी चुकली. आणि शेतकरी धुऱ्यावर, बांधावर उभे राहून एकमेकांच्या वावराकडं बघत — याच्याच पऱ्हाटीतून, कपाशीतून अळी माझ्याकडं आली असेल. त्या हंगामात गावाची नजरच बदलली. माझी बदलली नव्हती असं नाही.

माझा चुलतभाऊ विष्णूदादा. त्यानं उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली आणि पुण्याला निघून गेला. एका सोसायटीत वॉचमन लागला. गावात राहिल्या शोभावहिनी आणि त्यांच्या दोन पोरी.

घरात डागी कापूस पडून होता. वहिनी त्यातला पांढरा तेवढा वेचून बाजूला काढायच्या आणि वाती वळायच्या. फुलवाती, समईच्या लांब वाती, गणपतीचं वस्त्र. देवळात द्यायच्या, शेजारपाजारी वाटायच्या. एकदा त्यांच्या ओट्यावर बसलो असताना मीच म्हणालो की या आपण विकू, मोबाइलवरून, शहरात. त्यांना पटेना. वाती कोण विकत घेतं म्हणून हसल्या. पण मी मागं लागलो. माझ्या दुकानाशेजारी सलीमभाई शिवणकाम करतो. त्यानं लाल कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून दिल्या. मी वेबसाइट केली. त्यावर फोन नंबर वहिनींचाच टाकला, कारण वस्तू बनवणाऱ्याचा आवाज ऐकला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो — असं एका व्हिडिओत सांगितलं होतं.

विश्वास! बघा, कोणता शब्द कुठं येऊन बसतो.

ऑर्डरी येईनात. नातेवाइकांनी घेतल्या, मग सामसूम. पोस्टात न्यायला पाकिटं नाहीत आणि वहिनी दर आठवड्याला विचारत, भाऊजी, काही आलं का? मी दुसऱ्यांच्या वेबसाइटी बघत बसायचो. हळूहळू ध्यानात आलं की लोक वस्तू घेत नाहीत, वस्तूच्या मागची गोष्ट घेतात. आणि विदर्भ म्हटलं की शहरातल्या माणसाला एकच गोष्ट माहीत असते, ती ऐकायला तो आधीच तयार बसलेला असतो. ती आपण सांगायची नाही तर कोणी सांगायची? — असं मी स्वतःला विचारलं. उत्तर काय येणार हे ठरवून विचारलेला प्रश्न होता तो.

प्रत्येक वेबसाइटवर ‘आमच्याबद्दल’ नावाचं एक पान असतं. त्या पानावर मी लिहिलं — ‘बोंडअळीनं शेत नेलं. शेतानं धनी नेला. आता शोभाताई वाती वळतात, तुमच्या देव्हाऱ्यासाठी.’

खरं सांगू? मला त्या ओळींचा अभिमान वाटला होता. पुन्हा पुन्हा वाचल्या. आणि यात खोटं काय, असंही म्हणालो. नेला म्हणजे पुण्याला नेला. दादा शेतापायीच गेला की नाही? शब्द असे निवडले होते की पकडलं तर सुटता यावं. चोर आधी मागचं दार बघून ठेवतो, तसं.

ऑर्डरी आल्या. कोणीतरी ते पान आपल्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते आणखी पुढं गेलं. मग एका बाईंचा वेबसाइटवर निरोप आला. फार वाईट वाटलं म्हणाल्या, कधी झालं हे, कशामुळे? इथं मला थांबता आलं असतं. गैरसमज झाला ताई, ते पुण्यात नोकरीला आहेत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी लिहिलं — ‘गेल्या वर्षी. नापिकीला कंटाळून जीव दिला.’ आणि नंतर तेच त्या पानावरही घातलं. आता मागचं दारही उरलं नाही. माझा भाऊ जिवंत होता, आदल्याच दिवशी माझ्याशी फोनवर बोलला होता, आणि मी त्याला मारला.

सलीमभाईनं ते पान वाचलं. माझ्या दुकानात येऊन हळूच विचारलं, "विष्णू तो जिंदा है ना बे?" मी म्हणालो, जाहिरातीत तसंच लिहावं लागतं, तुला नाही कळायचं. त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मशिनीवर जाऊन बसला. त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवून असायचो. कोणाशी बोलतो, डोणगावचं कोणी त्याच्याकडं आलं का. गुन्हा माझा आणि संशय त्याच्यावर — ही कुठली रीत?

इकडं वहिनी खुशीत होत्या. शेजारच्या बायांना वाती वळायला बसवलं. दादाला फोनवर सगळं सांगितलं — पण पान त्यांनीही वाचलं नव्हतं, दादानंही नाही. दोघांचे फोन साधे, बटणाचे. दादाला मात्र कोण अभिमान! सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना तो सांगू लागला की माझी बायको वाती बनवते, मोबाइलवर मिळतात, घेऊन बघा. वेबसाइटचं नाव त्यानं कागदावर लिहून घेतलं होतं. मीच सांगितलं होतं त्याला ते. काऊन सांगितलं? तो जाहिरात करून राह्यला, फुकटात होऊन राह्यली, याचाच मला आनंद होता. पुढचं दिसलंच नाही. की दिसलं होतं आणि मी तिकडं बघितलं नाही?

पुढं काय झालं ते मला दादाकडूनच कळलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी गेटपाशीच मोबाइल उघडला. वाचलं, पानावरचा वहिनींचा फोटो बघितला, मग दादाकडं बघितलं. ही तुमची बायको? दादा हो म्हणाला. अहो, पण हिचे मिस्टर तर वारलेत, म्हणाल्या. दादा आधी हसला. त्याला वाटलं दुसऱ्याच कोणाचा फोटो असेल. त्यांनी मोबाइल त्याच्यापुढं धरला — शोभाच होती. मग त्यानं खिशातून बायकोपोरींचा फोटो काढून दाखवला. त्यानं झालं उलटंच. एका विधवेचा फोटो हा माणूस खिशात घेऊन फिरतो, तिच्या नावानं आपल्याला माल घ्यायला लावतो, हा आहे तरी कोण? सोसायटीची माणसं जमली. दादा समजावत होता की मीच तिचा नवरा, मी जिवंत आहे. स्वतः जिवंत असल्याचं असं चारचौघांत उभं राहून सांगायची पाळी किती जणांवर येते? लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आम्हाला भानगड नको. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं त्याला काढून टाकलं.

तो घरी आला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं माझ्या दुकानात आले. दादा दारातच उभा राहिला. वहिनी त्याच्या मागं, पदर डोक्यावर.

"सुध्या," तो म्हणाला, "मी मेलो हे तुले कोन सांगतलं?"

आता खरी जागा आली. इथवर मी लबाड होतो, एवढंच म्हणता आलं असतं. त्या घडीला मी त्याहून खाली गेलो.

मी वहिनींकडं बघितलं आणि म्हणालो की गिऱ्हाइकांचे फोन तर वहिनीच घेतात. कोणा बाईनं घरधन्याचं विचारलं असेल, वहिनी म्हणाल्या असतील, ते गेले. पुण्याला गेले, असंच त्यांच्या मनात असेल. त्या बाईनं भलताच अर्थ घेतला आणि तसं लिहून पाठवलं, ते आपोआप पानावर चढलं. मी वाचलंच नव्हतं. हे सगळं मी न अडखळता बोललो. जणू कधीपासून पाठ करून ठेवलं होतं.

दादा वहिनींकडं वळला. एकच विचारलं — "अन फोटोत तुहं कपाळ काऊन मोकळं हाय?"

फोटो मी काढला होता. त्यांच्याच ओट्यावर, सकाळच्या उन्हात. काढताना मी म्हणालो होतो की वहिनी, टिकली तेवढी काढा, उन्हात चमकते, फोटो खराब होतो. त्यांनी काढली, उंबऱ्याला चिकटवली आणि हसत बसल्या. मीच म्हणालो, हसू नका. मंगळसूत्रावर पदर घ्या म्हणूनही मीच सांगितलं. ‘आमच्याबद्दल’ पान तेव्हा लिहिलंही नव्हतं. म्हणजे ओळी मागाहून सुचल्या हेही खोटंच. आधीपासून ठरलेलं होतं माझं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजीच म्हनले होते. टिकली चमकते म्हनून."

आणि मी म्हणालो, "मी कायले तसं म्हनीन, वयनी?"

शेजारी सलीमभाईची मशीन थांबली होती. त्यानं ऐकलं का? आजही मला नक्की सांगता येत नाही. वहिनींनी माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, तर एखाद्या शब्दाचा अर्थ लागत नाही तशा. मग मान खाली घातली. त्या घरात दिराचा शब्द आणि बायकोचा शब्द समोरासमोर आले तर कोणता चालतो हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

मी त्याच संध्याकाळी वेबसाइट बंद केली. वाती थांबल्या, बाया आपापल्या घरी गेल्या. दादा परत पुण्याला गेला नाही. डोणगावातच कोणाकोणाच्या ट्रॅक्टरवर जातो. वहिनींचा फोन त्यानं काढून घेतला. घरात दुसऱ्या कोणाचा फोन वाजला तरी आधी विचारतो, कोन होतं? मी मेलो असं ही सांगत होती तर कोणाला सांगत होती, आणि काऊन — हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. एकदा त्यानं माझ्यापाशीच तो बोलून दाखवला. मी ऐकून घेतलं. दादा, तसं काही नाही रे, एवढं म्हणालो आणि पाणी दिलं. खरं सांगायला याहून सोपी वेळ कोणती असते? मी पाणी दिलं.

सलीमभाईनं मला त्यानंतर कधीच काही विचारलं नाही. मीच त्याच्याशी बोलणं कमी केलं. आता त्याचं दुकान उघडं असलं की मी माझ्या दुकानाचं त्या बाजूचं शटर अर्धं खाली ठेवतो. ऊन येतं, असं सांगतो.

मागं डोणगावात पुतण्याच्या साखरपुड्याला आम्ही सगळे जमलो होतो. पंगत उठली होती. दादा मांडवात पाहुण्यांपाशी होता. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. पुष्कळ वर्षांनी अशा आपणहून बसल्या. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? मी खरंच म्हनलं होतं का तसं, त्या बाईले? मले आठवत नाही. पन रोज इचार केला की वाटते, म्हनलं असंन."

जवळ कोणी नव्हतं. दादा नव्हता, सलीमभाई नव्हता. मला कशाचीच भीती नव्हती.

"हाव वयनी," मी म्हणालो. "म्हनलं होतं तुमी."

त्यांनी मान हलवली. "मंग त्याईचं बराबर हाय," दादाकडं बघत म्हणाल्या, आणि उष्टी ताटं उचलायला उठल्या.