ओळख निघाली
पिवळ्या टोपणाची नळी हलवायला घेतली, की धारहून देवासच्या आमच्या लॅबमध्ये आलेल्या त्या वयस्क बाई मला आठवतात. संधिवाताची इंजेक्शनं सुरू करण्याआधी त्यांची क्षयाची रक्ततपासणी करायची होती. घरात कोणाला क्षय झाला होता का, असं विचारलं तर इकडच्या माळवी वळणानं भैयाचं 'भिया' करत म्हणाल्या, "आमच्याकडे? लिही भिया, नाही." नळीला आतून त्या जंतूचे अंश लावलेले असतात, म्हणून रक्त घेतल्यावर ती दहा वेळा हलवायची आणि उबेत ठेवायची; रक्तातल्या पेशींनी तो जंतू पूर्वी पाहिलेला असेल, तर त्या जाग्या होतात. दुसऱ्या दिवशी बाईंच्या पेशींची त्या जंतूशी ओळख निघाली. रिपोर्ट हातात घेऊन त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "आत्याबाई सासरहून रुसून आल्यात, असं सांगायचे घरी. मी सातआठ वर्षांची, त्यांचं ताट मीच न्यायची. जवळ गेले की तोंडाला पदर लावून मागे सरायच्या. मला वाटायचं, मी आवडत नाही त्यांना." फॉर्मवरचं 'नाही' खोडायला मी पेन उचललं. "राहू दे भिया," त्या म्हणाल्या, "रुसूनच आल्या होत्या." अजूनही कोणी पटकन 'नाही' म्हणालं, की माझं पेन जरा थांबतं.