आपानं घासलेलं ताट

खोर फक्कानहून परत येताना लेक गाडी चालवत होती आणि ताट टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं. मी सारखी टॉवेल बाजूला करून बघत होते. ताट काळंठिक्कर, करपलेल्या तव्यासारखं.

"मम्मी, स्टॉप इट. भट्टीतून ते काळंच निघतं."

"मग पूस ना एकदाचं!"

"नॉट नाऊ."

या मुलीनं दुबई मरीनातली चांगली नोकरी सोडली, कशासाठी, तर जुन्या स्पेनमधल्यासारखी मातीची ताटं करायला. सोन्यासारखी चमकणारी, आणि सोनं त्यात नावालाही नाही. तांबं, चांदी, गेरू व्हिनेगरमध्ये कालवायचं, त्यानं ताटाच्या पांढऱ्या झिलईवर नक्षी काढायची आणि भट्टीत धूर कोंडायचा. दुबईत आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये धूर कोण करू देणार? म्हणून लांब खोर फक्कानला ओळखीच्यांच्या रोपांच्या नर्सरीत भट्टी. वरची करपलेली माती मऊ फडक्यानं पुसली की खाली चमक दिसते. जमलं असेल तर. आजवर तिच्या हाती नुसते मातकट डाग आले होते.

आमचं ठरलं होतं, हे शेवटचं. फसलं तर खलास, सोमवारपासून परत ऑफिस. म्हणून तर तिचा हात पुसायला धजत नव्हता.

वाटेत तिनं पुन्हा तीच कहाणी सुरू केली. ही विद्या इराकातून फिरत फिरत स्पेनमधल्या मालागाला पोचली, मग वालेन्सियाजवळच्या मानिसेसला. कारागीर मुसलमान, गिऱ्हाईक ख्रिस्ती सरदार. ताटाच्या मधोमध सरदाराचं चिन्ह, भोवती कारागिराची वेलबुट्टी. पुढे त्याच कारागिरांच्या वंशजांना जहाजात कोंबून देशाबाहेर काढलं.

"ताटं त्यांनी केली आणि हाकललं त्यांनाच!" मी भडकले. "जगात तुला हाच धंदा सापडला?"

तिनं गाडीचा वेग वाढवला. खरं सांगू? हे ताट फसावं असं मला मनातून वाटत होतं. लेक मार्गी लागेल, घर शांत होईल. आणि आपल्याला असं वाटतंय याचीच लाज वाटून जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी आल्यावर तिनं ताट किचनमध्ये सिंकजवळ ठेवलं. सकाळी उजेडात पुसते म्हणाली.

पहाटे मला खरखर ऐकू आली. माझी मोठी बहीण, आपा, रत्नागिरीहून आमच्याकडे आली होती. फजरची नमाज झाली की तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. धावत गेले तर ती सिंकपाशी उभी, हातात तारेची घासणी.

"जळकं भांडं तसंच टाकून झोपता गं तुम्ही? कडेला तांब्याची झाक दिसली, म्हटलं आमसूल-मीठ लावलं की लख्ख निघेल."

"अगं आपा, काय करून ठेवलंस हे!"

अर्धं ताट पांढरंफटक झालं होतं. नक्षीसुद्धा उरली नव्हती. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं, खाली फरशीवर बसले आणि मऊ फडकं घेऊन उरलेला भाग पुसायला लागले. जमलं होतं की नाही, एवढं मला कळायलाच हवं होतं. फडकं काळं होत गेलं आणि खालून एक वेल निघाली. सोनेरी. ताट हलवलं की तांबूस, मग हिरवट, पारव्याच्या मानेवर असते तशी झाक. माझ्या तोंडातून "या अल्ला" निघालं.

लेक दारात उभी होती. आपा रडायला लागली. "बेटा, मला काय ठाऊक गं..."

"इट्स ओके, खाला." ती माझ्याशेजारी बसली, सोनेरी वेलीवरून बोट फिरवलं. "मम्मी, इट वर्क्ड." मग पांढरा भाग बघून हळूच म्हणाली, "पण आपलं ठरलं होतं ना. ताट तर गेलं. सो, मंडे."

मी नुसती गप्प राहिले असते तरी काम झालं असतं.

"कसला मंडे! गाडीची चावी कुठाय? यल्ला, चल, भट्टी पेटवायचीय." आपा डोळे पुसत बघत राहिली. "तूही चल गं," मी तिला म्हटलं, "घासणी मात्र इथंच ठेव."